पुरळ नाही, तरी खाज आहे

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: उत्तर महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीने लिहिले आहे. त्यांच्या ७४ वर्षांच्या सासऱ्यांना, म्हणजे घरातल्या अण्णांना, दिवाळीपासून सर्वांगाला खाज सुटते. अंगावर ओरखड्यांखेरीज काही दिसत नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की खाज असह्य होते, ते उठून बसतात आणि कोणाला तरी हाक मारून पाठ खाजवून मागतात. दिवसा पारावर मित्रांत बसले की मात्र तासन् तास हात अंगाला लागत नाही. गावातल्या डॉक्टरांनी आधी ॲलर्जीची साधी गोळी दिली, मग झोप आणणारी. त्या गोळीने अण्णा दिवसभर पेंगतात आणि मागच्या महिन्यात रात्री लघवीला उठले असता न्हाणीघरात घसरले. मेडिकलमधून आणलेली मलमे झाली, रक्तशुद्धीचा काढा झाला. वांगी, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, आंबट असे सारे बंद झाले. अण्णा दिवसातून दोनदा कढत पाण्याने अंघोळ करतात आणि जंतुनाशक साबणाने अंग घासतात. दसऱ्याच्या सुमारास त्यांची रक्तदाबाची गोळी बदलली होती. ‘यजमान म्हणतात रक्त बिघडलं आहे. मला वाटतं हा लक्ष वेधून घेण्याचा प्रकार आहे. त्यांच्याजवळ झोपणारा माझा आठ वर्षांचा मुलगाही आता आजोबांचं बघून खाजवायला लागला आहे. अण्णांना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं का? आणि हे खाजवणं कसं सोडवावं?’ असे त्या विचारतात.

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातील मला सर्वांत मोलाचे वाटलेले वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, आणि ते अण्णांविषयी नसून तुमच्या मुलाविषयी आहे. दुसऱ्याला खाजवताना पाहून आपल्यालाही खाज सुटते, हे खरे आहे. चारचौघांत कोणी उवांचा विषय काढला तरी निम्म्या मंडळींचे हात डोक्याकडे जातात. पण अशी उसनी खाज थोड्याच वेळात विरते. आजोबांजवळ, कदाचित त्यांच्याच गोधडीत, झोपणारे मूल दिवसेंदिवस खाजवत असेल, तर ती नक्कल आहे असे ठरवण्याआधी त्या दोघांना खरूज झालेली नाही ना, हे पाहिले पाहिजे. उद्या सकाळी भरपूर उजेडात मुलाचे हात पाहा. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, काखा, बेंबीच्या भोवती, चड्डीचे इलॅस्टिक बसते ती कमरेची रेघ आणि नितंब या जागा नीट तपासा. तेथे बारीक लालसर पुटकुळ्या, किंवा शिसपेन्सिलीने अलगद ओढल्यासारखी, काही मिलिमीटर लांबीची, किंचित नागमोडी रेघ दिसली, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तेथेच आहे. काही दिसले नाही तरी खरूज नाही असा निर्वाळा मिळत नाही. म्हाताऱ्या माणसांत तर खरजेच्या खुणा फार पुसट असतात, आणि जे काही उठलेले असते ते ओरखड्यांखाली झाकून जाते.

खरूज हा ‘सारकॉप्टीस स्केबिआय’ नावाच्या, अर्धा मिलिमीटरसुद्धा लांबी नसलेल्या, आठ पायांच्या जिवामुळे होणारा रोग आहे. इटलीतील जोव्हान्नी कोसिमो बोनोमो यांनी १६८७ साली हा जीव सूक्ष्मदर्शकातून पाहून, त्याचे चित्र काढून, खरजेचे कारण म्हणून दाखवून दिला होता. त्याची मादी त्वचेच्या अगदी वरच्या थरात बीळ खणून अंडी घालते आणि तीन-चार दिवसांत ती अंडी फुटतात. गंमत अशी की एरवी धडधाकट असलेल्या रुग्णाच्या सर्वांगावर मिळून हे जीव बहुधा दहा-पंधराच असतात. ते वळवळतात म्हणून खाज सुटते असे नाही. त्यांची अंडी, विष्ठा आणि लाळ यांच्याविरुद्ध आपले शरीर जी प्रतिक्रिया देते तिची ती खाज असते. ही प्रतिक्रिया तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे काही जाणवतही नाही. आजोबांना दिवाळीत आणि नातवाला काही काळाने खाज सुटली, यात म्हणूनच विसंगती नाही.

खरूज हा शब्द घरात उच्चारणे अनेकांना कमीपणाचे वाटते, याची मला कल्पना आहे. ‘आमच्या घरात इतकी स्वच्छता असताना’ हे वाक्य माझ्या कानांवर नेहमी येते. परंतु हा जीव रोज अंघोळ करणाऱ्याच्या अंगावरही तितक्याच सुखाने राहतो, आणि तो पसरतो तो प्रामुख्याने कातडीला कातडी बराच वेळ लागल्याने, म्हणजे मुलाला कुशीत घेऊन झोपण्याने किंवा आजारी माणसाची उस्तवार करण्याने. वसतिगृहे, वृद्धाश्रम, एका खोलीत पाच-सहा जण झोपतात अशी घरे, या त्याच्या आवडत्या जागा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत खरजेचा समावेश केला, तो तिची व्याप्ती मोठी असूनही तिच्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही म्हणूनच.

निदान त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्या. पुष्कळदा ते नुसत्या भिंगाने, किंवा त्वचेचा किंचित खरवडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून करता येते. खरूज ठरली, तर सर्वसाधारणपणे पाच टक्के पर्मेथ्रिनचे मलम देतात. ते रात्री झोपताना जबड्यापासून तळपायापर्यंत, बेचक्या, नखांखालची जागा, बेंबी आणि जांघा यांतले काहीही न वगळता लावायचे असते. फार वृद्ध माणसांना आणि तान्ह्या मुलांना डोके, कपाळ व कानांमागेही लावायला सांगतात. आठ ते चौदा तासांनी ते धुऊन टाकावे आणि साधारण आठवड्याने पुन्हा एकदा लावावे, म्हणजे पहिल्या वेळी अंड्यांत असलेले जीवही सुटत नाहीत. मध्येच हात धुतले तर हातांना पुन्हा लावावे लागते. ही गोष्ट स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बायकांच्या बाबतीत हमखास राहून जाते आणि घरभर केलेला उपचार तेवढ्यावरून वाया जातो. काही वेळा आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनानुसार दोन मात्रांत देतात, पण गरोदर स्त्रियांना आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना त्या देत नाहीत.

मात्र उपचाराचा खरा कणा वेगळाच आहे. एकाच रात्री घरातल्या प्रत्येकाने, खाज असो वा नसो, औषध लावायचे. ‘मला काही होत नाही’ म्हणणारा एक जण सुटला, तर महिन्या-दीड महिन्यात सारे घर पुन्हा खाजवू लागते. गेल्या तीन-चार दिवसांतले कपडे, चादरी, उशांचे अभ्रे कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. धुता न येणाऱ्या जाड गोधड्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवाव्यात. माणसाच्या अंगापासून दूर हा जीव साधारण दोन-तीन दिवसांपलीकडे तग धरत नाही. भिंतींवर कीटकनाशक मारण्याची गरज नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: औषध नीट लावूनही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळू शकते, कारण मेलेल्या जिवांचे अवशेष कातडीत असेपर्यंत शरीराची प्रतिक्रिया चालूच राहते. या काळात औषध लागू पडले नाही असे समजून लोक तेच मलम रोज चोपडत राहतात, त्याने कातडी पोळते आणि नवीनच खाज सुरू होते.

आता तुमच्या मनातल्या शंकेकडे वळतो. दिवसा पारावर खाज नाही आणि रात्री घरात आहे, म्हणजे ती लक्ष वेधून घेण्यासाठी आहे, असा तुमचा तर्क आहे. माणूस म्हणून तो मला समजतो, कारण झोपमोड तुमची होते आहे. परंतु रात्री वाढणे हा खाजेचा जवळजवळ सार्वत्रिक स्वभाव आहे, आणि खरजेत तर ती ठळक खूण मानली जाते. रात्री त्वचेचे तापमान वाढते, त्वचेतून उडून जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढते, आणि दाह आटोक्यात ठेवणारे कॉर्टिसॉल हे शरीरातले संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खालच्या पातळीवर असते. त्यात मेंदूला दुसरे काही काम उरलेले नसते. पारावर राजकारण असते, पीकपाणी असते, कोणाच्या मुलीचे लग्न असते. त्या गर्दीत त्वचेकडून आलेला निरोप मागे पडतो. अंथरुणात तोच निरोप एकटा उरतो. दाढदुखीही रात्रीच जास्त जाणवते, पण तिला आपण ढोंग म्हणत नाही. अण्णांची पाठ खाजवून मागण्याची हाक तुम्हाला हट्टाची वाटते, पण पाठीचा मधला भाग हा शरीरावरचा असा प्रदेश आहे की ७४ वर्षांच्या माणसाचा स्वतःचा हात तेथे पोचतच नाही.

ॲलर्जीची गोळी का लागू पडली नाही, हे समजून घेतल्यास बराच गोंधळ कमी होईल. त्वचेतल्या काही पेशींमधून हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर पडते आणि ते खाजेच्या चेतातंतूंना चेतवते. अंगावर पित्त उठते, गांधी येतात, तेव्हा मुख्यतः हेच घडत असते, आणि तेथे सेटिरिझीनसारख्या गोळ्या उत्तम काम करतात. पण खाजेचे निरोप नेणारे इतरही मार्ग आहेत आणि हिस्टामिनशी त्यांचा संबंध नाही. याचे उदाहरण आपल्या सह्याद्रीतच उगवते. खाजकुयलीच्या शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की माणूस वेडापिसा होतो, हे कोकणात आणि घाटमाथ्यावर लहान मुलालाही ठाऊक असते. त्या लवेत म्युक्युनेन नावाचे एक प्रथिन असते, ते त्वचेतली वेगळीच ग्राहके, म्हणजे चेतातंतूंवरची निरोप टिपणारी प्रथिने, चाळवते, आणि हिस्टामिन अडवणाऱ्या गोळीने ती खाज फारशी हटत नाही. कोरड्या त्वचेची, इसबाची, मूत्रपिंडाच्या आजाराची, दीर्घकाळ चाललेली बहुतेक खाज हिस्टामिनखेरीजच्या अशा मार्गांनीच मेंदूपर्यंत पोचते.

तेव्हा साध्या गोळीचा उपयोग झाला नाही, याचा अर्थ खाज खोटी आहे असा होत नाही आणि गोळी आणखी कडक हवी होती असाही होत नाही. हायड्रॉक्सिझीनसारख्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या खाजेपेक्षा शुद्धीवरच अधिक काम करतात. वृद्धांमध्ये त्यांच्यामुळे गुंगी, गोंधळलेपण, बद्धकोष्ठ आणि लघवी तुंबणे असे त्रास होतात, आणि पडण्याचा धोका वाढतो. म्हणून वयस्कर रुग्णांसाठी त्या शक्यतो टाळाव्यात, असे वृद्धांच्या औषधांविषयीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. अण्णा न्हाणीघरात घसरले, हे मला खाजेपेक्षा गंभीर वाटते. या वयात खुब्याचे हाड मोडले तर पुढचे वर्षभर घराची दैना होते. ही गोळी कमी किंवा बंद करण्याविषयी डॉक्टरांशी या आठवड्यातच बोला.

मेडिकलमधून आणलेल्या मलमांची नावे तुम्ही लिहिलेली नाहीत, तरी अंदाज बांधता येतो. आपल्याकडे ‘खाजेचे मलम द्या’ म्हटले की क्लोबेटासोलसारखे जोरकस स्टेरॉइड, एखादे बुरशीनाशक आणि एखादे प्रतिजैविक अशी खिचडी असलेली ट्यूब पुष्कळदा हातात पडते. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत बरे वाटते आणि त्या बरे वाटण्याच्या आडून मूळ रोग पसरत राहतो. खरजेच्या खुणा दबतात, नायट्याची कड पुसली जाते आणि तो जांघेतून पोटापर्यंत जातो, म्हातारी कातडी कागदासारखी पातळ होते. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात जो चिवट नायटा फोफावला आहे, टर्बिनाफिनसारख्या हमखास औषधालाही जो अनेकदा दाद देत नाही, त्यामागे या मिश्रणांचा बेसुमार वापर हे एक मोठे कारण मानले जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. दुकानातला व्यवहार किती बदलला ते तुम्हीच जाणता. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. इसबावर ते योग्य ताकदीचे, ठरावीक दिवस, ठरावीक जागी लावले तर त्याला तोड नाही, पण नेमका कोणता रोग आहे हे कळण्याआधी ते लावणे चुकीचे आहे.

समजा, तज्ज्ञांनी खरूज नाही असे सांगितले. मग माझा पहिला संशय अण्णांच्या न्हाणीघरावर आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर हा मृत पेशी आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ यांनी बांधलेला असतो, आणि त्यातले पाणी आत राखणे हे त्याचे काम असते. वयाबरोबर तेलग्रंथी मंदावतात आणि ही स्निग्धता कमी होते. त्यात दिवाळीनंतरची कोरडी हवा, कढत पाणी, वर साबणाचा जोरदार हात. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि नेहमीच्या साबणाची वडी अल्कधर्मी असते, त्यामुळे उरलीसुरली स्निग्धताही धुऊन जाते. नडग्यांवर कोंडा किंवा बारीक भेगांची जाळी दिसत असेल, नखाने पांढरी रेघ ओढता येत असेल, तर हा कोरडेपणा खाजेचे निदान एक कारण तरी आहेच. कढत पाणी अंगावर घेताना खाज क्षणभर थांबते आणि फार सुख वाटते, म्हणून अण्णा दुसऱ्यांदा अंघोळीला जात असणार. पण तासाभराने त्याच अंघोळीची किंमत त्यांना मोजावी लागते.

अंघोळ दिवसातून एकदा, कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांची असावी. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना लावावा. हातापायांना व पाठीला नुसते पाणी पुरते. जंतुनाशक साबण आणि घासणी दोन्ही बंद करावीत. आपल्याकडे आधी तेल लावून मग अंघोळ करण्याची रीत आहे, ती सणाला अवश्य पाळा, पण कोरड्या त्वचेसाठी रोज क्रम उलटा ठेवा: अंग टॉवेलने टिपून घेऊन, ते ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत पेट्रोलियम जेली, खोबरेल किंवा सुगंध नसलेले जाडसर मॉइश्चरायझर लावावे, आणि रात्री झोपताना पुन्हा एकदा लावावे. सर्वांगाला दिवसातून दोनदा लावायचे तर आठवड्याला दीड-दोनशे ग्रॅम सहज लागते. छोटी बाटली महिनाभर पुरत असेल तर लावणे नावापुरते चालले आहे असे समजावे. कॅलामाइनचे गुलाबी पाणी सुकताना गार वाटते, पण आधीच शुष्क असलेली त्वचा त्याने आणखी सुकते. तेल लावलेल्या तळव्यांनी ओल्या फरशीवर जाऊ नये, म्हणून पावलांना तेल पलंगावर बसल्यावरच लावा आणि न्हाणीघरात रबरी चटई व धरायला दांडी बसवून घ्या. हे सारे दोन-तीन आठवडे नेटाने केल्याशिवाय फरक पडला की नाही ते ठरवू नका.

तुमच्या यजमानांचे म्हणणे मी थट्टेवारी नेणार नाही. रक्त शुद्ध करण्याचे काम शरीरात मूत्रपिंडे आणि यकृत करतात, आणि त्यांच्या बिघाडाने कोणतेही पुरळ न उठता सर्वांगाला खाज सुटू शकते. तेव्हा रक्ताची शंका असेल तर काढ्याऐवजी तपासणी करावी. सहा आठवड्यांहून अधिक काळ चाललेल्या आणि कारण न सापडलेल्या खाजेत सर्वसाधारणपणे रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, शरीरातला दाह सुचवणारी ईएसआर, मूत्रपिंडांचे काम सांगणारे क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, साखर, थायरॉइड आणि शरीरातला लोहसाठा सांगणारे फेरिटिन एवढे पाहतात. गरजेप्रमाणे छातीचा एक्स-रे काढतात. वजन घटत असेल, संध्याकाळी ताप किंवा रात्री दरदरून घाम येत असेल, मानेत वा काखेत गाठी लागत असतील, डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली असेल, अथवा पाणी अंगावर पडल्यावर काही मिनिटांतच ठरून खाज उसळत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, कारण क्वचित रक्ताचे व लसिकाग्रंथींचे काही आजार अशा खाजेने प्रथम डोके वर काढतात. घटक न छापलेल्या पुड्या आणि काढे मात्र थांबवाच. अशांत कधी स्टेरॉइड तर कधी जड धातू सापडलेले आहेत.

पथ्याविषयी थोडक्यात सांगतो. गांधी न उठता दिवसरात्र चालणाऱ्या खाजेचा वांग्याशी किंवा शेंगदाण्याशी संबंध दाखवणारा आधार नाही. याउलट डाळी आणि दाणे बंद केल्याने म्हाताऱ्या माणसाच्या ताटातले प्रथिन आणि लोह कमी होते, आणि लोहाची कमतरता हेच खाजेचे एक कारण आहे. अण्णांना त्यांची भरली वांगी परत करा.

दसऱ्याला बदललेली गोळी हा मात्र खरा धागा असू शकतो. रक्तदाबावरच्या काही औषधांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड आणि ॲम्लोडिपिनच्या जातीच्या काही औषधांनी, वृद्धांमध्ये खाज किंवा इसबासारखे चट्टे आल्याचे आढळते. साखरेवर ज्याच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिप्टिन’ येते असे औषध चालू असेल तर तेही सांगा. त्या गटाचा संबंध वृद्धांमधल्या फोडांच्या एका आजाराशी आढळलेला आहे, आणि त्या आजारात मोठे ताठ फोड येण्याआधी काही आठवडे, कधी काही महिने, नुसती खाजच असते. यांपैकी कोणतीही गोळी आपण होऊन बंद करू नका. रक्तदाब चढून पक्षाघात होण्यापेक्षा खाज परवडली. डॉक्टर पर्यायी औषध देतील, आणि औषधामुळेच खाज असली तरी ती विरायला कित्येक आठवडे लागतात हे लक्षात ठेवून वाट पाहावी लागेल.

‘खाजवणे कसे सोडवावे’ या तुमच्या प्रश्नाला ‘सांगून नाही’ हे उत्तर आहे. खाजवल्याने हलकी वेदना होते आणि मज्जारज्जूच्या पातळीवर ती वेदना खाजेचा निरोप दाबते. शिवाय मेंदूतली सुखाची केंद्रे जागी होतात. म्हणून ओरडून, हात धरून, लाज काढून ती क्रिया थांबत नाही. पण नखांनी त्वचा सोलवटली की दाह वाढतो आणि पुन्हा खाज येते, म्हणून हाताला दुसरे काम द्यावे लागते. अण्णांची नखे दर तीन-चार दिवसांनी कापून कानशीने घासून गुळगुळीत करा. उशाशी पाण्याचे भांडे आणि सुती पंचा ठेवा; खाज सुटलेल्या जागी ओला गार पंचा पाच मिनिटे दाबून धरला तर थंडावा वाहून नेणारे चेतातंतू खाजेला आवर घालतात. मॉइश्चरायझरची बाटली फ्रीजमध्ये ठेवली तर तेच काम होते. मेंथॉल असलेले लोशनही चालते, मात्र सोललेल्या कातडीवर ते झोंबते. लोकरी स्वेटर थेट अंगावर नको, आत पूर्ण बाह्यांचा मऊ सुती सदरा असावा.

हे सर्व करूनही खाज उरली, तर उपाय संपले असे समजू नका. अतिनील किरणांचे उपचार, गाबापेंटिनसारखी चेतातंतूंवरची औषधे मूत्रपिंडाचे कार्य पाहून बेताच्या मात्रेत, असे मार्ग आहेत. इसबासाठी ड्युपिलुमॅबसारखी इंजेक्शने २०१७ पासून वापरात आली आहेत. ती महाग आहेत, आणि अण्णांच्या बाबतीत तो विचार आज करण्याचे कारण नाही.

मानसोपचारतज्ज्ञांविषयी तुम्ही विचारले आहे. निव्वळ मनातून उद्भवलेली खाज असते, पण ती विरळा असते आणि बाकीची सर्व कारणे तपासून झाल्यावरच तसे म्हणता येते. तुमच्याकडे ती तपासणी अजून सुरूही झालेली नाही. दुसरीकडे, महिनोन् महिने झोप न मिळालेला कोणताही माणूस चिडचिडा, रडवेला आणि हट्टी होतो. अण्णा उदास दिसत असतील, बोलणे तोडत असतील, किंवा अंगातून किडे निघतात असे सांगून काडेपेटीत कचऱ्याचे कण जमवून दाखवत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत जरूर घ्या, पण त्वचेच्या तपासणीनंतर, आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य न उच्चारता. नैराश्यावरची काही औषधे रात्रीच्या खाजेवरही उपयोगी पडतात, हे अण्णांना आधीच सांगितले तर ती सुचवली गेल्यावर त्यांना अपमान वाटणार नाही.

पत्रातून तुमचा थकवा दिसतो. खरूज ठरेपर्यंत किंवा नाही असे ठरेपर्यंत मुलाला वेगळ्या अंथरुणावर झोपवा, आणि हे आजोबांना शिक्षा वाटणार नाही अशा शब्दांत सांगा. सासऱ्यांच्या पाठीला मलम लावणे तुम्हालाही अवघड आणि त्यांनाही संकोचाचे. ते काम रात्रीच्या जेवणानंतर तुमच्या यजमानांनी करावे. ते घरी नसतील त्या दिवशी लांब दांड्याला मऊ सुती कापड बांधून अण्णांना स्वतःलाही पाठीपर्यंत पोचता येते. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना अण्णांच्या चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, वापरलेल्या मलमांच्या रिकाम्या ट्यूबसुद्धा, आणि मागच्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट एका पिशवीत घाला. खाज कोणत्या महिन्यात, अंगाच्या कोणत्या भागापासून सुरू झाली आणि रक्तदाबाची गोळी त्याआधी किती दिवस बदलली होती, एवढे एका कागदावर लिहून न्या. दोन दिवस आधीपासून अंगाला कोणतेही मलम लावू नका, आणि मुलाला त्याच भेटीत बरोबर घेऊन जा.